हवेतील वहिवाट



या घटकेला या सभेत बोलण्याचा अधिकार माझा आहे. तो मला अध्यक्षांनी दिला आहे आणि माझी वेळ संपली की तेच तो काढून घेतील. सभागृहात एवढी माणसे बसलेली असूनही एका वेळी एकच आवाज ऐकू येतो, याचे श्रेय वक्त्याच्या वक्तृत्वाइतकेच अध्यक्षांच्या टेबलावरील घंटेलाही आहे. आता क्षणभर अशी कल्पना करा की अध्यक्ष नाहीत, घंटा नाही, दाराशी स्वयंसेवक नाहीत, सभागृहाला भिंतीसुद्धा नाहीत. आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एकेक मायक्रोफोन देण्यात आला आहे. अशी सभा किती वेळ चालेल?

तुम्ही म्हणाल, पाच मिनिटेसुद्धा नाही. परंतु अशी एक सभा अमेरिकेत १९५८ साली भरली आणि ती अद्याप विसर्जित झालेली नाही. तिच्यात गोंधळ झाला, शिवीगाळ झाली, कित्येकदा ती मोडली असे वाटले. तरी ती चालूच राहिली. तिचे नाव सिटिझन्स बँड रेडिओ. वापरणारे लोक तिला नुसते ‘सीबी’ म्हणतात. ही सभा कशी भरली, कशी बिघडली, आणि तिच्यातले जे टिकले ते कशाच्या बळावर टिकले, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. एखाद्या जाडजूड ग्रंथाएवढी पेटी. तिला पिळाच्या वायरीने जोडलेला मायक्रोफोन. आणि मोटारीच्या टपावर उभी केलेली एक लवचीक काठी, म्हणजे एरियल. आपल्या घरातील रेडिओवर आपण फक्त ऐकतो. टेलिफोनवर आपण बोलतो आणि ऐकतोही, पण तो व्यवहार दोघांपुरता असतो. या पेटीतून बोललेले मात्र आसपासच्या टापूत त्याच चॅनेलवर कान लावून बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाते, आणि त्यांच्यापैकी कोणीही उत्तर देऊ शकतो. मायक्रोफोनला एक कळ असते. ती दाबली की बोलता येते, परंतु ऐकू येणे बंद होते. ती सोडली की ऐकू येते, परंतु बोलता येत नाही. जो बोलतो तो तेवढ्यापुरता बहिरा होतो. दोघांनी एकाच वेळी कळ दाबली तर दोघांचेही शब्द एकमेकांत मिसळून कर्कश शिटी तेवढी उरते. या यंत्राचा सगळा इतिहास म्हणजे ही कळ कोणी आणि केव्हा सोडावी, याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

सामान्य माणसाच्या हाती बोलणारे यंत्र देणे ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. ती किती मोठी होती हे आपल्या मुंबईच्या एका आठवणीवरून लक्षात येईल. १९३३ च्या कायद्यान्वये आपल्याकडे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. ऐकण्याच्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अशा काळात, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी पोलिसांनी त्यांना पकडले आणि उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. ती त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात भोगली. हवेत आपला आवाज सोडणे याची त्या काळी एवढी किंमत होती. केवळ परक्या सरकारचीच ही भीती होती असेही नाही. महायुद्ध चालू असेपर्यंत खुद्द अमेरिकेनेही आपल्या हौशी बिनतारीवाल्यांचे प्रक्षेपण बंद ठेवले होते.

म्हणूनच १९४५ साली अमेरिकेत जे घडले ते विशेष मानले पाहिजे. त्या देशात बिनतारीचा कारभार फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी मंडळाकडे आहे. युद्ध संपत आले असता या कमिशनने ४६० ते ४७० मेगाहर्ट्झ एवढा हवेचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवण्याचे ठरविले. कमिशनचे एक सदस्य ई. के. जेट यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहून ही योजना लोकांपुढे मांडली. लष्करासाठी, जहाजांसाठी, व्यापारी नभोवाणीसाठी हवेचे तुकडे पूर्वीच वाटले गेले होते. आपल्या गावी जसे गायरान कोणा एकाच्या मालकीचे नसून साऱ्या गावाचे असते, तसा हा तुकडा साऱ्यांचा ठरला.

गायरान मिळाले, पण तेथपर्यंत जाण्याची ऐपत फार थोड्यांची होती. ४६० मेगाहर्ट्झ इतक्या जलद कंपनांवर काम करणारी आणि जागेवरून न ढळणारी यंत्रे बनविणे त्या काळी कठीण व खर्चाचे होते. अल ग्रॉस नावाचा एक कल्पक संशोधक या कामी पुढे आला. हातात धरून बोलण्याचे यंत्र त्याने युद्धापूर्वीच बनविले होते. नागरिकांच्या पट्ट्यासाठी त्याने कंपनी काढली आणि १९४८ साली कमिशनची मान्यताही मिळविली. परंतु सामान्य गृहस्थाच्या खिशाला परवडेल अशी ही वस्तू झाली नाही. तेरा वर्षे हे गायरान जवळजवळ ओसच राहिले.

मग ११ सप्टेंबर १९५८ रोजी कमिशनने दुसरा मार्ग धरला. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक छोटा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांकडून काढून घेतला, त्याचे २३ भाग पाडले, आणि ती २३ चॅनेले नागरिकांना दिली. हौशी मंडळी रुष्ट झाली, आणि ते स्वाभाविकच होते; त्यांनी परीक्षा देऊन, तारायंत्राची कडकट्ट शिकून परवाने मिळविले होते. नव्या नागरिकाला परीक्षा नव्हती. एक अर्ज भरायचा, मिळालेला परवाना-क्रमांक बोलताना उच्चारायचा, एवढेच त्याचे कर्तव्य होते.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ११ मीटर भरते. चांगली एरियल तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पावणेतीन मीटर असावी लागते. मोटारीवर एवढी काठी गैरसोयीची. म्हणून तारेचे वेटोळे घालून ती आखूड करतात, आणि जितकी आखूड करावी तितका तिचा गुण कमी होतो. यंत्राची शक्ती कायद्याने ४ वॅट ठरविलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या झिरोच्या दिव्याला लागे त्याहूनही ती कमी. एवढ्या शक्तीवर मोकळ्या सपाट मुलखात साधारण पाच ते पंधरा किलोमीटर आवाज पोहोचतो. दाट वस्तीच्या शहरात त्याहून कमी.

परंतु या लहरीचा एक खोडकर गुण आहे. सूर्यावर डागांची गर्दी झाली की पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युत्भारित थर बळावतो आणि ही लहर त्यावर आपटून हजारो किलोमीटर दूर जाऊन उतरते. मग शेजारच्या गल्लीतला माणूस ऐकू येत नाही आणि दोन हजार किलोमीटरवरचा परका कानाशी बोलू लागतो. सूर्याचे हे भरतीचे पर्व सुमारे ११ वर्षांनी येते. योगायोग असा की सूर्याच्या नोंदलेल्या भरत्यांपैकी सर्वांत मोठी भरती नेमकी १९५८ च्या सुमारासच आली होती. जवळच्या कामासाठी दिलेला हा पट्टा जन्मापासूनच दूरच्या आवाजांनी भरलेला होता! कमिशनने तंबी दिली की १५० मैलांपलीकडे कोणी बोलू नये. सूर्याने हा नियम वाचला नव्हता आणि लोकांनी वाचून बाजूला ठेवला. तो नियम अखेर २०१७ साली रद्द झाला.

पहिली बारा-पंधरा वर्षे हे यंत्र कामाची माणसे वापरीत: शेतकरी, विटा-वाळूची ने-आण करणारे, दुरुस्तीचे कारागीर, बोटवाले. निव्वळ गप्पांना परवानगी नव्हती. सलग पाच मिनिटांहून अधिक बोलू नये, मग थोडा वेळ गप्प राहून इतरांना संधी द्यावी, असा दंडक होता; आजही पाच मिनिटे बोलणे आणि एक मिनिट मौन हा नियम कायम आहे. १९६२ साली काही स्वयंसेवकांनी ‘रिअ‍ॅक्ट’ नावाची संस्था काढली. तिचे सभासद आपापल्या घरी पाळीपाळीने ऐकत बसत आणि रस्त्यावर कोणी अडचणीत सापडला तर पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला कळवीत. त्या कामासाठी १९७० साली कमिशनने ९ क्रमांकाचे चॅनेल संकटकाळासाठी राखून ठेवले.

येथपर्यंतची गोष्ट शिस्तीची आहे. पुढे १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरले. अमेरिकेत पंपांसमोर रांगा लागल्या. डिझेल महागले आणि कित्येक ठिकाणी मिळेनासे झाले. इंधन वाचविण्यासाठी जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगाची कमाल मर्यादा कायद्याने लादण्यात आली. स्वतःचा ट्रक चालविणाऱ्या माणसाला मैलाप्रमाणे मोबदला मिळे. महाग डिझेल आणि मंद गती या दोहोंनी मिळून त्याच्या पोटावर पाय आणला. १९७३ च्या डिसेंबरात या ट्रकवाल्यांनी हमरस्ते अडविले. त्यांच्यामागे मोठी संघटना नव्हती, कचेरी नव्हती, हस्तपत्रके नव्हती. होती ती टपावरची काठी आणि हातातली कळ. कोठे जमायचे, कोठे थांबायचे, डिझेल कोणत्या पंपावर शिल्लक आहे, पोलीस कोणत्या पुलाखाली दबा धरून बसले आहेत, हे सारे एकाने बोलायचे आणि पन्नासांनी ऐकायचे.

या ट्रकवाल्यांनी १९ क्रमांकाचे चॅनेल आपले मानले. लक्षात घ्या, कमिशनने ते त्यांना दिलेले नव्हते, आणि नियमांच्या पुस्तकात १९ या आकड्याला आजही ट्रकवाल्यांचे असे काही स्थान नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून एखादी पायवाट जाते. ती नकाशावर नसते, सातबाराच्या उताऱ्यावर नसते. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावरून गेलेले असतात. तिला आपण वहिवाट म्हणतो आणि न्यायालयालासुद्धा तिची दखल घ्यावी लागते. चॅनेल १९ ही हवेतील वहिवाट होती.

तिच्या बरोबरीने एक भाषाही तयार झाली. ‘दहा-चार’ म्हणजे समजले. ही सांकेतिक अंकांची पद्धत मूळची पोलिसांची. तीच उचलून पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी वापरण्यात आली, हा त्यातला विनोद. हमरस्त्यावरील पोलिसांची रुंद काठाची टोपी सरकारी भित्तिपत्रकांतील स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी दिसे. म्हणून पोलिसाचे नाव ‘स्मोकी’ पडले. परवाना-क्रमांक सांगण्याऐवजी प्रत्येकाने टोपणनाव घेतले. हे खूळ एवढे पसरले की १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड याही ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने प्रचारासाठी हवेत बोलल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांवरचे गाणे अमेरिकेत लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर होते.

मग पूर आला. १ मार्च १९७५ रोजी परवान्याचे शुल्क वीस डॉलरवरून चार डॉलरवर उतरले होते. १९७७ च्या आरंभी तेही गेले. त्या एका जानेवारी महिन्यात कमिशनकडे परवान्यासाठी आलेले अर्ज दहा लाखांच्या घरात होते. त्याच महिन्यापासून चॅनेलांची संख्या २३ वरून ४० करण्यात आली. तरी जागा पुरेना. ज्याचा आवाज दबे तो बेकायदा वर्धक जोडून शक्ती वाढवी. मग शेजारचा त्याहून मोठा वर्धक आणी. २७ ची दुप्पट ५४ होते, आणि अमेरिकेत दूरचित्रवाणीचे दुसरे चॅनेल ५४ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होई. त्यामुळे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात चित्रपट चालू असता पडद्यावर रेघा उमटत. १९७८ साली कमिशनने अशा वर्धकांच्या विक्रीवर बंदी घातली. परंतु लक्षावधी मोटारींमागे धावणार कोण? परवाना न घेताच बोलणारे अगणित होते. अखेर १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल १९८३ पासून वैयक्तिक परवानाच रद्द करण्यात आला. यंत्राचे नियम राहिले, माणसाची नोंद गेली.

ब्रिटनची कथा उलट दिशेने त्याच ठिकाणी पोहोचली. तेथे सरकारने हे यंत्र बेकायदा ठरविले होते. लोकांनी अमेरिकी संच चोरून आणले, मोर्चे काढले, आणि २ नोव्हेंबर १९८१ रोजी सरकारला चाळीस चॅनेले खुली करावी लागली. सरकारने मुद्दाम निराळी पद्धत आणि निराळी कंपनसंख्या ठरवली, जेणेकरून जुने संच बेकायदाच राहावेत. तेथेही परवाना ठेवला आणि २००६ मध्ये तो काढून टाकला. सरळ दिले काय किंवा हट्टाने रोखले काय, कागदी परवान्याने हवेतली माणसे मोजता आली नाहीत.

म्हणून कोणी म्हणेल, ही लोकांच्या बेशिस्तीची कहाणी आहे. मला तसे वाटत नाही, पण त्या आक्षेपाला टाळूनही जाता येणार नाही. चॅनेल १९ ची वहिवाट कायदा चुकविण्याच्या गरजेतून रुळली, हे खरे आहे. ज्या आवाजाने ‘पुढे पोलीस आहे’ असे सांगितले, त्याने वेगमर्यादा मोडणाऱ्यांना मदत केली. परंतु त्याच आवाजाने ‘पुढे धुके आहे, गाडी उलटली आहे, उजवीकडे थांबा’ हेही सांगितले. हे ओळखूनच अनेक राज्यांच्या पोलिसांनी पुढे आपल्या गाड्यांत स्वतःच सीबीचे संच बसविले आणि त्याच चॅनेलवर कान ठेवले. आणि आणखी एक गोष्ट पाहा. मोबाइल फोन आला तसे हौसे-नवसे-गवसे निघून गेले, बहुतेक चॅनेले ओस पडली. जी नांदती राहिली त्यांत १९ अग्रभागी आहे, कारण तेथे बोलणाऱ्याला ऐकण्याचीही गरज होती. ज्याला पुढच्या वळणाची बातमी हवी आहे, त्याला कळ सोडावीच लागते. जेथे फक्त बोलण्याची हौस होती तेथे सभा मोडली. जेथे ऐकण्याची गरज होती तेथे ती घंटेशिवाय चालली. माझ्या मते या इतिहासाचे सार एवढेच आहे.

आपल्याकडे हे यंत्र उशिरा आणि गुपचूप आले. २००५ साली केंद्र सरकारने नियम करून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या मान्यताप्राप्त संचांसाठी परवानामुक्त केला. अट एवढीच की दुसऱ्या कोणाला व्यत्यय येऊ नये. हौशी बिनतारीसाठी आजही परीक्षा द्यावी लागते. येथे ती नाही. मात्र कोणत्याही दुकानातला कोणताही वॉकीटॉकी या सवलतीत बसतो असे नाही; घेण्यापूर्वी त्याची कंपनसंख्या आणि सरकारी मान्यता पाहावी. आपल्या ट्रकचालकांनी सीबीची वहिवाट पाडली नाही. त्यांची भाषा दिव्यांची. घाटात समोरून येणाऱ्याने दिव्याची उघडझाप केली की जाणता चालक गाडी हळू करतो. तीही कोणत्या कायद्यात लिहिलेली नाही.

कोणाला हे यंत्र वापरावयाचे असेल तर त्याची रीत थोड्या वाक्यांत सांगता येते. एरियल जोडल्याशिवाय कळ दाबू नये. नाहीतर शक्ती बाहेर न जाता आतल्या आत परतते आणि यंत्राचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. बोलण्यापूर्वी चॅनेल मोकळे आहे की नाही हे ऐकावे. ‘स्क्वेल्च’ नावाचे बटण असे लावावे की नुसती खरखर दबेल, पण माणसाचा क्षीण आवाज दबणार नाही. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून, नेहमीच्या आवाजात, कोणाला हाक मारतो आणि कोण मारतो ते सांगावे, आणि थोडक्यात आटोपावे. संकटासाठी राखलेल्या जागी संकटाखेरीज काही बोलू नये. पाहिले तर यांतली पहिली गोष्ट यंत्राची आहे. उरलेल्या बहुतेक माणसांच्या आहेत.

या यंत्राला मनोरा लागत नाही, महिन्याचे बिल येत नाही. वादळात साऱ्या तारा तुटल्या तरी मोटारीच्या बॅटरीवर ते बोलते. तेव्हा ते अडगळीत गेले असे मी म्हणणार नाही. १९४५ साली ज्यांनी नागरिकांना हवेचा तुकडा दिला त्यांनी विश्वास टाकला होता की सामान्य माणूस बोलेल तसा ऐकेलही. तो विश्वास अर्धा खोटा ठरला आणि अर्धा खरा. आज आपणा प्रत्येकाच्या खिशात त्याहून कितीतरी समर्थ यंत्र आहे, आणि त्यावर बोलताना कळ सोडावी लागत नाही. ही सोय आहे की तोटा, याचा विचार घरी जाताना प्रत्येकाने करावा.

अध्यक्षांचा हात घंटेकडे वळलेला मला दिसतो आहे. ती वाजण्यापूर्वीच मी माझी कळ सोडतो.